मामी आणि नवी गाडी

माझ्या जुन्या मोटारसायकलला पुढचा ब्रेक होता, पण तो मी कधी धड वापरल्याचं मला आठवत नाही. सुरतेच्या लिंबायतमध्ये आम्ही सगळे पायाच्या ब्रेकवरच गाडी चालवायला शिकलो. पुढचा दाबला की गाडी माणसाला हँडलवरून फेकून देते, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. म्हणून गाडी घसरली त्या दिवशीही मी पायच दाबला.

पर्वत पाटियाच्या पुढे मेट्रोचं काम चालू होतं. रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकलेले आणि कडेला उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून ट्रक, रिक्षा, हातगाड्या सगळं एकामागोमाग. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं आणि त्याचा पातळ चिखल झाला होता. पुढच्या रिक्षावाल्याला कडेला प्रवासी दिसला, त्याने जागच्या जागी रिक्षा थांबवली. मी पाय दाबला. मागचं चाक अडकलं आणि गाडी आडवी होऊन सरकत गेली. मी एका अंगाला पडलो, माझ्या मागे बसलेल्या मामी दुसऱ्या अंगाला.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो. मी उठून त्यांच्याकडे धावलो तेव्हा त्या चिखलात बसल्या होत्या, पदर डोक्यावरून खाली आला होता आणि उजवा हात मनगटापाशी विचित्र वाकला होता. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "तुमले लागनं का, जवाईबापू?"

मला काही लागलं नव्हतं. गुडघा खरचटला होता, तेवढंच.

त्या आमच्या घरी कशा आल्या, ते आधी सांगायला हवं. माझी बायको काविळीने गेली. साधा ताप म्हणून सुरुवात झाली आणि डॉक्टरांनी बाटली लावेपर्यंत तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. आठवडाही निघाला नाही. तेव्हा आमची लेक जेमतेम बोलायला लागली होती. मामी दिवसकार्यासाठी नंदुरबारच्या पुढच्या त्यांच्या गावाहून आल्या. सगळं आटोपल्यावर माझा मेव्हणा त्यांना न्यायला आला, तेव्हा त्या ओट्यावर बसून नातीला भरवत होत्या. "तू जाय," त्या त्याला म्हणाल्या. "ही जराशी मोठी व्हवू दे." मेव्हणा एकटाच परत गेला.

त्या राहिल्या. मी कडोदऱ्याला यंत्रमागाच्या कारखान्यात, ज्याला सुरतेत खातं म्हणतात, तिथे मागांची दुरुस्ती करतो. सकाळी निघालो की संध्याकाळी येतो. मामी पहाटे उठून डबा करायच्या, पोरीला बालवाडीत सोडायच्या, दुपारी साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायच्या. त्या अहिराणीत बोलायच्या. मी लिंबायतमध्येच वाढलेला, मला अहिराणी समजते, पण तोंडात येते ती हिंदी-गुजराती मिसळलेली मराठी. त्यांच्या गावी जावयासमोर त्या कधी खुर्चीवरसुद्धा बसल्या नसत्या. इथे एका खोलीच्या घरात तो मान कुठे ठेवणार? वर्षभरात त्या माझ्यावर रागवायला लागल्या. ओला टॉवेल गादीवर टाकला की, "जवाईबापू, हाई काय शे?" मला ते बरं वाटायचं. घरात कोणीतरी रागवणारं माणूस होतं.

बायकोबद्दल मात्र आम्ही दोघं कधीच बोललो नाही. तिचा फोटो भिंतीवर होता. सकाळी मामी तो पुसायच्या, मी तेव्हा आंघोळीला जायचो.

हात मोडल्यावर मामींना कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. घराचं सगळं गाडं अडलं. शेजारची बाई येऊन त्यांना साडी नेसवून जायची. स्वयंपाक मी करायचो, मामी पाटावर बसून सांगायच्या आणि मी भाजीत मीठ टाकायचो. पोरीच्या वेण्या घालायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. मागाचा तुटलेला धागा जोडणारी माझी बोटं, पण त्या पोरीच्या केसांत ती जाडजूड आणि आडमुठी व्हायची. पोरगी ओरडायची, मामी डाव्या हाताने दाखवायच्या, "आखो घट्ट. सोडू नका ना." मग एकदा मी वेणी घालत असताना मागे आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर मामी आमच्याकडे बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या आणि तोंड अगदी उतरलं होतं. मला वाटलं हात ठणकत असेल. हाताचं कारण नव्हतं, हे नंतर कळलं.

जुन्या गाडीवर बसायची माझी हिंमत होत नव्हती. मी बसने, कधी शेअर रिक्षाने कडोदऱ्याला जात राहिलो. खात्यातल्या सोबत्यांनी सांगितलं की आता नव्या गाड्यांना एबीएस येतं, चाक अडकत नाही. शेवटी मी जुनी गाडी देऊन हप्त्यावर नवी घेतली. शोरूममधल्या पोऱ्याने किल्ली देताना समजावलं. ब्रेक जोरात लागला की चाक अडकू नये म्हणून ही यंत्रणा त्याला क्षणात सोडते, क्षणात धरते. हाताला थरथर लागेल, घाबरायचं नाही. "छोडवानुं नहीं, काका, पकडी राखवानुं," तो म्हणाला. आमच्या गाडीला ते फक्त पुढच्या चाकाला होतं. म्हणजे ज्या ब्रेकला मी जन्मभर हात लावला नाही, तोच आता मला वाचवणार होता.

ऐकताना सगळं सोपं वाटलं.

पहिल्यांदा ते कामाला लागलं ते लिंबायतच्याच रस्त्यावर, रेल्वेच्या गरनाळ्याच्या, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याच्या तोंडाशी. एक बकरी आडवी आली. मी पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि बोटांखाली तो दांडा जिवंत झाल्यासारखा खडखडला. माझा हात आपोआप उघडला. मागावर काम करणाऱ्याच्या हाताला हीच सवय असते. मशीनची थरथर बदलली, वेगळा आवाज आला, की आधी हात काढायचा, मग बघायचं काय तुटलंय. ज्यांनी हात काढला नाही अशांची बोटं मी पाहिली आहेत. गाडी सुटली, बकरी कशीबशी बाजूला झाली आणि मी एका भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकलो. भाजीवाल्याने शिव्या दिल्या. चार टोमॅटो खाली पडले, मी ते उचलून त्याला दिले. गाडीत बिघाड आहे असंच मला वाटत होतं.

शोरूमला गेलो. त्यांनी फिरवून बघितली आणि म्हणाले, गाडी ठीक आहे, तुम्ही सोडलात.

घरी येऊन मी मामींना सांगितलं. तोवर त्यांचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून पुरता वळत नव्हता. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मंग शिका." जणू मी सायकल शिकायला निघालो होतो.

डिंडोलीच्या पुढे तेव्हा नवे प्लॉट पाडलेले होते. डांबरी रस्ते झालेले, घरं अजून नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिथे जायला निघालो, तर मामी साडी बदलून तयार. पोरीला शेजारी ठेवलं होतं. मला वाटलं, कडेला बसून बघतील. पहिल्या काही वेळा त्या खरंच एका सिमेंटच्या पाइपवर बसून राहिल्या. मी गाडी पळवायचो, ठरलेल्या जागी ब्रेक दाबायचो, थरथर आली की हात सुटायचा. पुन्हा वळून यायचो. पुन्हा तेच. मनाला सगळं पटलेलं होतं, हाताला पटत नव्हतं.

मग मामी उठल्या आणि गाडीपाशी आल्या.

"मी बठस मांगे."

मी नाही म्हणालो. तुमचा हात आत्ता कुठे जुळलाय, पुन्हा पडलो तर काय करायचं?

"एकला शिकीसन काय उपेग?" त्या म्हणाल्या. "मांगे तं मीच ऱ्हासू ना."

त्या बसल्या. एका बाजूला पाय टाकून, डावा हात माझ्या खांद्यावर, दुखरा उजवा मांडीवर. मी गाडी काढली. त्यांच्या वजनाने गाडी वेगळी चालत होती, जास्त संथ. ब्रेकची जागा आली तसा मी हळूच दाबला, थरथर येऊच नये इतका हळू. गाडी थांबली. खांद्यावर थाप बसली.

"हाऊ नही. तो खडखडवाला."

मी पुन्हा गाडी पळवली. या वेळी जोरात दाबला. बोटांखाली खडखड सुरू झाली आणि मागून खणखणीत आवाज आला, "धरा! सोडू नका!" मी धरून ठेवलं. पुढचं चाक कुरकुरत, थोडं अडत, थोडं सुटत, सरळ रेषेत थांबलं. मामींचं अंग माझ्या पाठीवर आदळलं आणि त्या लगेच सावरून मागे सरकल्या, पदर ओढून घेतला. आमच्यात एवढं जवळ येणं नव्हतंच कधी.

"आखो एकदाव," त्या म्हणाल्या.

ऊन तापेपर्यंत आम्ही ते करत होतो. रस्त्याने जाणारे एक-दोन जण थांबून बघत होते. म्हातारी मागे बसलीये, माणूस गाडी पळवतो आणि मध्येच थांबतो, पुन्हा वळवतो. वेडे वाटलो असू. पण त्या दिवसानंतर माझा हात सुटला नाही. थरथर लागली की कानात मामींचा आवाज यायचा आणि बोटं मिटलेली राहायची. पायाने आधी दाबायची सवय मोडायला मात्र आणखी बराच काळ गेला.

त्या दिवशी परत येताना रसाच्या गाड्यावर थांबलो. मामींनी रस घेतला नाही, नुसत्या बसल्या. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या.

"कामरेजले एक पोरगी शे. अमळनेरकडली. नवरानी टाकेल शे तिले, भाऊकडे ऱ्हास. स्वभावनी चांगली शे म्हनतस."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, तिचं काय?

"तुम्हनाकरता," त्या म्हणाल्या.

माझा ग्लास तसाच राहिला. मी म्हणालो, मला नाही करायचं मामी, आपलं चाललंय की नीट. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि मूठ वळवायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"हात मोडना तव्हय माले समजनं. मी काय जलमभर पुरसू का?"

प्लास्टरच्या दिवसांत, मी वेणी घालत असताना खिडकीबाहेर बघत त्यांनी काय ठरवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या मुलीच्या जागी दुसरी आणायची होती आणि ती शोधायलाही त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. माझे आईवडील कधीच गेले होते. मी पुष्कळ दिवस नाही नाही म्हणत राहिलो. त्या वाद घालत नव्हत्या. फक्त संध्याकाळी पोरगी झोपली की एकच वाक्य बोलायच्या, "कामरेजवाला वाट देखी ऱ्हायनात."

शेवटी थंडीत आम्ही निघालो. मामींनी जांभळी साडी नेसली होती. ती माझ्या बायकोने पहिल्या दिवाळीला त्यांना घेतली होती, हे मी ओळखलं. कडोदऱ्याहून हायवेला लागून आम्ही कामरेजच्या दिशेने चाललो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, तोड चालू. एका कच्च्या वाटेने उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर सरळ हायवेवर चढला. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. रस्त्यावर उसाची पाचट पडलेली. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक किंचित सरकलं, हाताखाली खडखड सुरू झाली आणि ट्रॉलीचं मागचं टोक अंगावर येत राहिलं, येत राहिलं, आणि थांबलं. हात लांब केला असता तर ऊस हाती आला असता.

ट्रॅक्टर निघून गेला. मी गाडी कडेला घेतली. मामी उतरल्या आणि एकदम हसायला लागल्या.

"काय झालं?"

"तुम्ही वरडत व्हतात," त्या हसत म्हणाल्या. "सोडायचं नाही, सोडायचं नाही. येडासारखं."

मला त्याचा पत्ताच नव्हता. मलाही हसू आलं. त्यांना त्या अख्ख्या काळात मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी थांबेना. त्या रस्त्याकडे पाठ करून उसाच्या बांधाशी बसल्या आणि रडल्या. जांभळ्या साडीचा पदर तोंडात धरून, आवाज न करता. मुलगी गेली तेव्हा बायका त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि त्या त्यांची समजूत घालत होत्या, एवढंच मला आठवत होतं. आता जवळ कोणी बाई नव्हती. मी जावई. त्यांच्या पाठीवर हात ठेवायची माझी जागा नव्हती. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राहिलो. ट्रक जात होते आणि त्यांच्या वाऱ्याने ऊस हलत होता. मलाही रडायचं होतं, पण मी हातातल्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी बाटली घेतली, तोंड धुतलं. "चाला," म्हणाल्या, "लोके वाट देखत व्हतीन."

मुलीच्या भावाचं घर एका छोट्या कारखान्याच्या मागे होतं. चहा झाला. मुलीच्या वहिनीने सहज विचारलं, "तुम्ही मुलाच्या कोण?"

"सासू," मामी म्हणाल्या.

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. मामींनी कप खाली ठेवला.

"मनी पोर नही आते," त्या म्हणाल्या. "तिनी पोरगी शे. तिनाकरता उनू मी."

दारात उभी असलेली ती मुलगी, म्हणजे आताची माझी बायको, आत आली. माझ्याकडे न बघता मामींच्या पाया पडली आणि त्यांच्याजवळ खाली बसली. तिने एकच विचारलं, "तुम्ही राहाल ना तिथेच?"

"ऱ्हासू ना," मामी म्हणाल्या.

लग्न देवळात झालं, मोजक्या माणसांत. मामी माझ्या बाजूने उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो स्वतः काढला, पुसला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. माझ्या नव्या बायकोने तो परत लावायला घेतला तर त्यांनी तिचा हात धरला. "पोरले दाखाडत जाय कधीमधी," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर काही आठवडे त्या राहिल्या. त्या काळात त्या सारख्या कुठल्या तरी कामातून बाजूला होताना दिसायच्या. आधी चूल, मग पोरीची आंघोळ, मग शाळेत सोडणं. पोरगी काही मागायला त्यांच्याकडे आली की त्या म्हणायच्या, "तिले सांग." एकदा पोरगी खेळता खेळता पडली आणि रडत सरळ नव्या आईकडे धावली. मामी दारात हात पसरून उभ्या होत्या, पोरगी त्यांच्या शेजारून पळत गेली. मामींनी हात खाली घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांची पिशवी भरलेली दिसली.

आम्ही दोघांनी पुष्कळ अडवलं. माझी बायको तर म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता. मामींनी तिला जवळ बसवलं.

"मी आठेच ऱ्हायनू तं तू जलमभर पाव्हनीच ऱ्हाशी, बाई," त्या म्हणाल्या.

उधना स्टेशनला मीच त्यांना गाडीवरून सोडलं. रेल्वेत बसल्यावर त्यांनी खिडकीतून विचारलं, आज डब्यात काय दिलंय तिने. मी सांगितलं, मेथी. गाडी सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. मेव्हण्याने दाराशी पाय धुवायला पाणी दिलं. आत खाटेवर नवी चादर घातली होती, मला तिथे बसवलं. मामी डोक्यावरून पदर घेऊन आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी मला विचारलं, "बरा शेत ना, जवाईबापू?" मी म्हणालो, "बरा आहे, मामी." आणि आमचं बोलणं संपलं. जेवायला मला एकट्याला आधी वाढलं. टॉवेल-टोपी दिली. एका खोलीत इतकी वर्षं माझ्यावर रागावणाऱ्या बाई आता माझ्यासमोर बसतही नव्हत्या. ते रीतीप्रमाणेच होतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं. मी मुद्दाम ओला टॉवेल खाटेवर टाकून पाहिला. त्यांनी तो उचलला आणि दोरीवर वाळत घातला, काही न बोलता.

माझ्या बायकोची त्यांनी लेकीसारखी ओटी भरली. पोरीला मांडीवर घेतलं, पण पोरगी आता हिंदी-गुजरातीत उत्तरं द्यायला लागली होती, त्यातलं निम्मं त्यांना समजत नव्हतं. त्यांना ऐकूही कमी येत होतं. फोनवर बोलणं तेव्हापासून बंदच झालं. आता मेव्हणाच त्यांची खुशाली कळवतो. सुरतेला त्या पुन्हा आल्या नाहीत.

परत येताना बसमध्ये बायकोने पोरीला मांडीवर झोपवलं. मग म्हणाली, "मामी मला विचारत होत्या, जवाईबापू बोलतात का तुझ्याशी? म्हणाल्या, माझ्याशी बोलायचे."

मी खिडकीची काच सरकवली.

"काय बोलायचात तुम्ही दोघं?"

मी आठवून बघितलं. भाजी. पाणी कधी येणार. पोरीची शाळा. कुठल्या मागाचा कुठला पट्टा तुटला, ते मी सांगायचो आणि त्या लेस लावता लावता ऐकायच्या. सांगण्यासारखं त्यात काही सापडेना. बायको वाट बघत होती, म्हणून मी त्या पट्ट्यांपासूनच सुरुवात केली.